संध्याकाळचा चौक

६ जानेवारी

फोटोच्या कागदाचा विक्रेता दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा म्हटलं लिहू. यंदा लिहिण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, मार्च संपता संपता स्टुडिओ बंद करून गाळा मालकाच्या ताब्यात द्यायचा. दोन, लगेच त्यानंतर मी आणि ही, दोघांनी परदेशी फिरायला जायचं.

पहिल्या गोष्टीचं फार वाईट वाटू नये म्हणून दुसरी काढली आहे, असं मुलीचं म्हणणं. मुलगी चाळिशीला आली तरी घरात अजून चिमणीच. ती दुसऱ्या शहरात राहते आणि फोनवरून आमचं घर चालवते. "बाबा, आता नाही तर कधी जाणार?" म्हणाली. मी म्हटलं, जाऊ. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. जायचं ते चौकातच.

उद्या नातवंडांनी ही डायरी उघडली तर त्यांना कळावं म्हणून चौकाबद्दल लिहून ठेवतो. स्टुडिओच्या आतल्या खोलीत भिंतभर एक रंगवलेला पडदा आहे. त्यावर आम्हाला जायचं आहे त्या देशाच्या राजधानीतला जुना चौक: मधे दगडी कमान, कमानीच्या उजवीकडे घड्याळाचा मनोरा, डावीकडे कारंजं, पुढे फरसबंदी आणि सगळ्यावर पिवळं ऊन. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिने तो रंगवला. एका परदेशी प्रवाशाने मला त्या चौकाची स्लाइड, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचा फोटो, दिली होती. ती मी प्रोजेक्टरवर लावून कापडावर चित्र पाडलं, हिने कोळशाने गिरवून घेतलं, आणि पुढे कित्येक आठवडे हिच्या नखांत रंग. आम्ही त्याला 'संध्याकाळचा चौक' म्हणतो. त्याच्यापुढे अख्खं गाव उभं राहून गेलं. नवी जोडपी, निवृत्त झालेले कारकून, जुळी भावंडं, कोर्टात भांडून पुन्हा एक झालेले भाऊ. इथल्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर कोणी ना कोणी परदेशात उभं असतं.

ही मात्र कधी उभी राहिली नाही. मी हजारदा म्हटलं असेल. "मी तिथे जाऊनच उभी राहीन," हे हिचं ठरलेलं उत्तर. बायकांना असल्या हौशी असतात.

९ जानेवारी

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ, हिच्या लेखी अजून बाळ. तो एकदा कंपनीच्या खर्चाने परदेशी जाऊन आला, त्याला जमाना झाला, पण मनाने अजून परतलेला नाही. "दाजी, तिकडे पाणीसुद्धा विकत. दाजी, तिकडे रस्त्यात कोणी मोठ्याने बोलत नाही." दुपारभर हेच. शेवटी ही म्हणाली, "मग तू तिथे काय केलंस रे बाळ?" त्यावर तो चहा संपवून उठला.

१५ जानेवारी

ट्रॅव्हल कंपनीत गेलो. तिथल्या बाई चिमणीच्या वयाच्या, पण बोलतात हेडमास्तरणीसारख्या. आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवून भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने देश दाखवला. आधी राजधानी: चौक, नदीवरचा जुना दगडी पूल, राजवाडा. मग रेल्वेने डोंगरावरचा किल्ला. मग दगडी पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह, जिथे दोन हजार वर्षांपूर्वी खेळ व्हायचे. शेवटी समुद्रकाठचा मठ. मला सगळंच पसंत पडलं.

"चौकात तुम्हाला संध्याकाळी नेतील," बाई म्हणाल्या. "दिवे लागतात, छान दिसतं."

"सकाळी," ही म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, संध्याकाळचा चौक संध्याकाळी नको का बघायला?"

"ते सकाळचं ऊन आहे. सकाळीच जायचं."

बाई एकदा माझ्याकडे, एकदा हिच्याकडे बघायला लागल्या. मी विषय वाढवला नाही. जन्मभर उन्हावर पोट भरलं आहे मी, पण परक्यापुढे बायकोचं म्हणणं खोडून काढू नये. घरी येताना मात्र समजावून सांगितलं, की ऊन तिरकं आणि पिवळं असलं म्हणजे ती संध्याकाळ. "सकाळीही तिरकं आणि पिवळंच असतं," ही म्हणाली. तेही खरंच आहे. तरीपण.

२२ जानेवारी

व्हिसासाठीचे फोटो घरचेच काढले. दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊन बसण्याइतके दिवस अजून फिरलेले नाहीत. पांढऱ्या भिंतीपुढे स्टूल ठेवलं, हिला बसवलं, हनुवटी जराशी वर, दिवा डावीकडून. मग कॉम्प्युटरवर नेहमीसारखा हात फिरवला. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलने करायचो, आता माउसने करतो. माझ्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यावर आजवर डाग राहिलेला नाही. हिचा फोटो फार सुरेख आला.

५ फेब्रुवारी

फोटो परत आला. व्हिसा कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने फोटो पाहिला, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "या त्या नाहीत," म्हणाला.

मला आधी राग आला. मग पाहिलं. हिच्या गालावर मसुराएवढा तीळ आहे. तो मी पुसून टाकला होता. हातच तसा चालतो, समोर तीळ आला की गेलाच. त्याहून वाईट म्हणजे फोटो छापून, कापून, पाकिटात घालेपर्यंत मला त्यात काही कमी आहे असं वाटलंच नाही. ज्या बाईच्या समोर बसून रोज जेवतो तिच्या बाबतीत हे.

 घरी येऊन ही चपला काढता काढता म्हणाली, "डोळे मिटा. सांगा बघू, तीळ कुठल्या गालावर आहे?"

"उजव्या," मी म्हटलं.

"तुमच्या उजव्या हाताला," ती म्हणाली. "माझ्या डाव्या."

नवीन फोटो काढला. त्याला काही केलं नाही. हात नुसते शिवशिवत राहिले.

१० फेब्रुवारी

ही म्हणते डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच करायचं. मोतीबिंदू जुना आहे. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, तेव्हा हीच आज-उद्या करत राहिली. आता प्रवास तोंडावर असताना ही घाई. मी म्हटलं, येऊन कर की सावकाश.

"बघायला जायचं आणि धुक्यातून बघायचं?" म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, वेळ आहे, हरकत नाही. दोघं एका पक्षाला गेल्यावर मी काय बोलणार?

१५ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. चिमणी दोन दिवस येऊन राहिली. तिने फ्रिज आवरला, माझे दोन शर्ट फेकून दिले आणि आईच्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मायलेकी आत कुजबुजत हसत होत्या. मी गेलो की गप्प.

१८ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते कोणाला सांगू शकत नाही म्हणून इथे लिहितो.

चिमणी जाताना कॉम्प्युटरवर एक सोय दाखवून गेली. जगातला कुठलाही रस्ता घरबसल्या बघता येतो, बाण दाबत गेलं की आपण चालत गेल्यासारखं पुढे सरकतो. ही आत डोळ्यात औषध घालून पडली होती. म्हटलं, आपण जरा चौकात फिरून येऊ. दगडी पुलावरून निघालो. पूल झकास. गल्ली आली, गल्लीतून चौकात शिरलो. कमान बरोबर. फरसबंदी बरोबर. मनोरा डावीकडे.

वाटलं, आपण मागच्या बाजूने आलो. वळून पुन्हा आलो. मनोरा डावीकडेच. माझा पहिला संशय कॉम्प्युटरवर गेला. मग त्या देशावर, की हलवला असेल मेल्यांनी. मग इतर लोकांनी काढलेले फोटो एकेक करून पाहिले. म्हातारे, पोरं, जोडपी, सगळे हसत उभे, आणि सगळ्यांच्या मागे मनोरा डावीकडे, कारंजं उजवीकडे.

इतक्या वर्षांत मी खऱ्या चौकाचा एकही दुसरा फोटो शोधून पाहिला नाही, हेही आजच ध्यानात आलं. गरज कुठे होती? चौक तर दुकानातच होता.

१९ फेब्रुवारी

ती स्लाइड अजून आहे. डब्यातून काढून प्रोजेक्टरवर लावली. नीट लावली तर मनोरा डावीकडे. फिरवून उलटी लावली तर हुबेहूब आमचा पडदा. आरशात पाहिल्यासारखा.

तेव्हा प्रोजेक्टर नवा होता आणि मी हिला त्याला हात लावू देत नव्हतो. म्हणजे स्लाइड उलटी घातली ती मीच. चित्र पडलं, छान दिसलं, आणि मी बाहेर गिऱ्हाइकाकडे गेलो असणार.

एकच गोष्ट बरी आहे. घड्याळावरचे आकडे पडद्यावर सुलट आहेत. चित्र उलटं तर आकडेही उलटेच पडले असणार, पण घड्याळ कसं असतं हे कोणाला ठाऊक नाही? हिचा हात सवयीने चालून गेला असेल, जसा माझा तिळावर चालला. बिचारीला कळलंही नसेल. सकाळच्या उन्हाचं मात्र नवल वाटतं. खऱ्या चौकात मनोऱ्यावर असं ऊन सकाळीच पडतं, लोकांच्या फोटोंखाली वेळ दिलेली आहे. हिने आपलं ठोकून दिलं आणि ते बरोबर निघालं.

आता पुढचं. ही शाळेत असताना चित्रकलेत पहिली यायची. पण एवढं मोठं काम हिने आयुष्यात एकच केलं. पाहुणे पडद्याचं कौतुक करतात तेव्हा ही आत निघून जाते. लाजते. त्या चौकात उभं राहून हिने मान वर केली आणि मनोरा दुसऱ्याच बाजूला दिसला, तोही नव्या डोळ्याने, तर? आपण जन्मभर मिरवलं ते चुकलेलं होतं, हे हिला भर चौकात कळायचं? मला ते बघवणार नाही. त्यापेक्षा चौक नको.

२३ फेब्रुवारी

हिला न सांगता ट्रॅव्हलवाल्या बाईंकडे गेलो. म्हटलं, राजधानी काढून टाका, विमानतळावरून परस्पर किल्ल्याकडे न्या.

"काका, लोक त्या चौकासाठी तो देश निवडतात," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी काकूंनी तर दुसरं काही विचारलंच नाही."

"आम्हाला गर्दी सोसत नाही," मी म्हटलं.

बाईंनी जागा भरून काढायला जुन्या नाण्यांचं संग्रहालय, मिठाची खाण आणि आणखी एक मठ घातला. आता सहलीत दोन मठ झाले आहेत. बाहेर आलो तेव्हा मोठं काम उरकल्यासारखं वाटलं, आणि चोरी केल्यासारखंही.

२४ फेब्रुवारी

हिला सांगितलं, की चौकात दुरुस्ती निघाली आहे, मनोऱ्याला बांबू बांधून कापड गुंडाळलं आहे, काही दिसत नाही.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "कधीपर्यंत?"

"वर्षभर तरी."

"कोणी सांगितलं?"

"ट्रॅव्हलच्या बाईंनी."

"कापडाच्या मागे असेलच की तो," ही म्हणाली. "नुसती जागा बघितली तरी चालेल."

मी म्हटलं, अगं, रस्ताच बंद आहे. मग मिठाच्या खाणीचं वर्णन केलं, आत मिठाचीच झुंबरं आहेत म्हणून. "अच्छा," म्हणाली. जीव भांड्यात पडला. इतकी सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. जेवली मात्र नाही. औषधाने भूक मरते असं डॉक्टर म्हणाले होतेच.

४ मार्च

डोळा छान बरा झाला. स्टुडिओत घेऊन गेलो. बंद होणार हे कळल्यापासून लोक शेवटचा फोटो काढून घ्यायला येताहेत. आज एक आजोबा आले होते. तरुणपणी बायकोबरोबर याच पडद्यापुढे उभे राहिले होते. आता एकटेच, तर शेजारी रिकामी खुर्ची ठेवून घेतली. मी फोकस करताना दोनदा थांबलो.

ते गेल्यावर ही पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. कितीतरी वेळ. "किती पिवळा लावला होता हो मी रंग," म्हणाली. मग मनोऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच कमानीवरून पलीकडे कारंज्यापर्यंत नेलं. मी एकदम मोठ्याने नाण्यांच्या संग्रहालयाबद्दल बोलायला लागलो. त्यांच्याकडे चामड्याची नाणी आहेत म्हणे.

"हो का," ही म्हणाली.

११ मार्च

हिने प्रवासासाठी घेतलेले बूट पुन्हा खोक्यात घालून कपाटावर ठेवले. मी विचारलं तर म्हणाली, "माझं काही यायचं मन नाही. तुम्ही आणि बाळ जा."

मी हसलो. ही हसली नाही. मेहुण्याबरोबर दोन मठ! तिथल्या भिक्षूंना तो सांगेल तिकडे कसं असतं ते.

पण थट्टा बाजूला. हिच्याशिवाय मी जाणार नाही, आणि यंदा गेलो नाही तर आम्ही कधीच जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. गुडघे काय, डोळे काय. किती विनवलं, कारण सांग म्हटलं. "नाण्यांत काय बघायचं?" एवढंच म्हणाली. म्हणजे नाण्यांवर घोडं अडलं आहे. उद्या बाईंना फोन करून नाणी काढून एखादी बाग घालायला सांगतो.

१२ मार्च

बाग घातली. किल्ल्याखालची, गुलाबांची, प्रसिद्ध आहे. हिला सांगितलं. "छान," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बूट अजून कपाटावरच. रात्री चिमणीचा फोन आला. "बाबा, तू आईला काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही, बाग घातली. "बाबा, कमाल आहे तुझी," म्हणाली. या घरात मला कोणी सरळ काही सांगत नाही.

१६ मार्च

दुपारी ही एकटीच बाहेर गेली. चार वाजता आली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "चौक परत घालून आले. पहिल्याच दिवशी, सकाळी."

मी म्हटलं, "अगं, पण ती दुरुस्ती..."

"बाई म्हणाल्या, कसली दुरुस्ती? काकांनीच काढायला लावला, गर्दी सोसत नाही म्हणे. जन्मभर शाळांचे ग्रुप फोटो काढले, त्या माणसाला गर्दी सोसत नाही!"

मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार?

"तुम्हाला कळलं वाटतं," ही म्हणाली.

"काय?"

"मनोरा."

मी खालीच बसलो. तिच्याकडे पाहिलं तर चेहरा अगदी शांत. मीच चाचरत विचारलं, "तुला कधी कळलं?"

"घड्याळ काढताना. तीनचा आकडा डावीकडे, तोही उलटा. मला काय दिसत नव्हतं? तेव्हा तर मोतीबिंदूही नव्हता. मग वाचनालयातून त्या शहराचा नकाशा आणून पाहिला. पूर्व कुठे, पश्चिम कुठे, सगळं. ते ऊन सकाळचंच."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. घड्याळ काढलं त्याच दिवशी. तुम्ही दारात कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होतात. मी हाक मारून आत आणलं, दाखवलं. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, राहू दे गं, छान दिसतंय. तिकडे कोण जाऊन बघतंय!"

मला हे मुळीच आठवत नाही. आत्ता लिहितानासुद्धा आठवून बघतो आहे. पण वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

"मी तेव्हाच ठरवलं," ही म्हणाली. "मी जाऊन बघणार."

पंखा फिरत होता. मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"पहिली दोन वर्षं रागात गेली. पुसून पुन्हा काढते म्हटलं तर तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी. मग चिमणी झाली. तोवर अर्धं गाव त्याच्यापुढे उभं राहून गेलं होतं. त्यांना काय सांगू, तुम्ही सगळे उलट्या चौकात उभे आहात? खुशीत जायचे हो लोक. पण मला नसतं जमलं तिथे उभं राहून हसायला. पाठीमागे काय चुकलंय ते मला पाठमोरीलाही दिसलं असतं."

मी म्हटलं, "तुला वाईट वाटेल म्हणून काढला गं मी चौक."

"मला वाईट वाटून कधीच झालं. आता बघायचंय." मग म्हणाली, "तेव्हाही मला विचारलं नाहीत, आताही नाही."

मी उठून स्टूल घेतलं आणि कपाटावरचे बूट काढून दिले.

१७ मार्च

सकाळपासून स्वतःवर चिडलो होतो, मग थोडा हिच्यावरही. इतकी वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत 'संध्याकाळचा चौक' म्हणून सांगत होतो आणि ही आत ऐकत होती. एकदा तरी टोकायचं! लाजून आत जाते असं मला वाटायचं. दुपारी तसं म्हटलं तर इतकी हसली की डोळ्याला रुमाल लावावा लागला. हसताना बघून बरं वाटलं. बाईंना फोन करून एक मठ काढून टाकला.

३० मार्च

उद्या किल्ल्या मालकाला द्यायच्या. गाळ्यात मोबाइल दुरुस्तीवाला येतो आहे. दिवे विकले गेले, टेबल गेलं, पडदा चिमणी नेणार आहे. तिच्या घरी एवढी भिंत कुठे आहे, ते तीच जाणे.

पडदा गुंडाळायला मी शिडीवर चढलो तर ही म्हणाली, "थांबा. एक काढा."

"तू तर तिथे जाऊनच उभी राहणार होतीस."

"तिथेही राहीन. पण यालाही एकटा कसा सोडायचा?"

जुना कॅमेरा काढला. फ्रिजमध्ये एक रोल राहिला होता, मुदत संपलेला. ही जाऊन फरसबंदीवर उभी राहिली, मनोऱ्याच्या जवळ. हात कुठे ठेवायचे ते मी सांगितलं नाही. तिने ते आपले पुढे बांधले आणि हसली. मी बटण दाबायचं विसरलो. "अहो," म्हणाली, तेव्हा दाबलं.

डार्करूम शेवटची उघडली. निगेटिव्ह वाळल्यावर कागदावर मोठी करून छापायला एन्लार्जरमध्ये घालायला गेलो तर ही शेजारी येऊन उभी. "उलटी घाला," म्हणाली. "या वेळी मुद्दाम."

घातली. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागदावर हळूहळू चौक उमटला. मनोरा डावीकडे, कारंजं उजवीकडे. इतक्या वर्षांनी सगळं आपापल्या जागी. मला भरून आलं, अंधार होता ते बरं. ही वाकून बघत राहिली.

"चौक बरोबर आला," म्हणाली. "पण ही बाई कोण?"

मीही पाहिलं. घड्याळाचे आकडे उलटे झाले होते आणि तीळ दुसऱ्याच गालावर गेला होता. आता हे मला कोणी दाखवून द्यावं लागलं नाही.

मग निगेटिव्ह सुलट घालून दुसरा छापला. चौक चुकलेला, घड्याळ बरोबर, ही बरोबर. दोन्ही वाळत घातले. मुदत संपलेल्या रोलमुळे दोन्हींवर बारीक ठिपके आले आहेत. पूर्वीचा मी पेन्सिल घेऊन बसलो असतो. हिने दुसरा उचलला आणि पासपोर्टात ठेवला. तिथे उभं राहून ताडून बघणार आहे म्हणे.

शटर ओढलं, कुलूप लावलं. पायरी उतरताना ही म्हणाली, "डोळे मिटा. तीळ कुठल्या गालावर?"

"डाव्या," मी म्हटलं. "तुझ्या डाव्या."